ज्यांना ओळखीची गरज नाही

यावर तुमचा विश्वास बसणार नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो. बसूच नये. मी स्वतः तिथे हजर नसतो तर माझाही बसला नसता. सिनेमात काम केल्याबद्दल एका काळ्या नटाचा जर्मनीच्या भूमीवर पहिला जाहीर सत्कार कोणी केला? सरकारने? नाही. एखाद्या फिल्म कंपनीने? नावच काढू नका. तो केला आखनच्या महाराष्ट्र मंडळाने. मंडळाची सभासदसंख्या तेव्हा साडेतीन होती. अर्धा तो श्रीरंग, कारण तो कार्ल्सरूहेला राहायचा आणि फक्त दिवाळीच्या फराळाला सभासद व्हायचा. पेशवाईतही साडेतीनच शहाणे होते म्हणतात. आमच्यात आणि त्यांच्यात फरक एवढाच, की त्यांच्यात शहाणे होते.

ही समोर बसली आहे ती मालिनी. तेव्हा मंडळाची चिटणीस, पुढे माझी बायको.

"अहो, विनय पाहुणा आहे, त्याला आधी जेवू तरी द्या," असं ती म्हणते आहे. जेवेल की. जेवताना माणसाचे कान रिकामेच असतात.

तर साल एकसष्ट. मी आखनला डॉक्टरेट करत होतो. विषय सांगत नाही, कारण सांगितला की लोकांना पाणी प्यायला उठावंसं वाटतं. फ्राऊ क्रिंग्स नावाच्या विधवा बाईंच्या घरात वरच्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. एकीत मी, दुसरीत क्वाबेना ओवुसू-आंपोन्सा. घानातल्या कुमासीचा, खाणकामाचं इंजिनियरिंग शिकायला आलेला. उंची अशी, की फ्राऊ क्रिंग्सच्या जिन्यात तो कायम वाकून चालायचा आणि बाईंना वाटायचं, काय विनम्र मुलगा आहे! आवाज असा खर्जातला, की तो "गुटन मॉर्गन" म्हणाला की कपाटातल्या कपबशा किणकिणायच्या. मालिनी, मान हलवू नकोस. तुझ्यासमोर किणकिणल्या नसतील. त्या काही तुझ्या कपबशा नव्हत्या.

क्वाबेना म्हणजे मंगळवारी जन्मलेला. त्यांच्यात मुलाला वाराचं नाव देतात. हे ऐकल्यावर आमचा मोहन खूश झाला. मोहन म्हणजे साताऱ्याचा, पोलादाचा विद्यार्थी. परदेशात तीन मराठी माणसं जमली की त्यातला एक आपोआप अध्यक्ष होतो, तो मोहन. "मंगळवारचा? मग हा तर आपला मंगेश!" असं म्हणून त्याने परस्पर बारसं उरकलं आणि त्या दिवसापासून क्वाबेनाला "काय मंगेशराव" अशी हाक मारायला लागला. क्वाबेना दर वेळी शांतपणे म्हणायचा, "क्वाबेना." मोहन म्हणायचा, "गेनाऊ, मंगेशराव, तेच ते."

त्या उन्हाळ्यात ड्युसेलडॉर्फच्या एका फिल्म कंपनीची चिठ्ठी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात लागली: आफ्रिकन हवेत, सूप मिळेल. त्या काळात जर्मन सिनेमावाल्यांना जंगलाचं फार वेड होतं, पण जंगलात जायची तयारी नव्हती. मग त्यांनी आफ्रिका आखनजवळच्या आयफेलच्या डोंगरातल्या एका दगडाच्या खाणीतच उभारली. गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी लोक जिथे येतात तिथल्या बागेतून कुंड्यांसकट ताडाची झाडं आणली. नारळ मिळेनात, म्हणून सुताराकडून लाकडाचे गोळे करून घेतले, त्यांना काथ्या चिकटवला. त्या नारळांच्या टोपल्या डोक्यावर घेऊन गोऱ्या नायकाच्या मागून चालायचं, हे क्वाबेनाचं आणि त्याच्या मित्रांचं काम.

आणि टोळीचा सरदार? मी तेच विचारलं. तुम्हालाही वाटलं असेल, सहा फूट चार इंच उंचीचा, खर्जातल्या आवाजाचा माणूस समोर उभा असताना सरदार कोण होणार? सरदार झाले कोलोनचे एक रंगभूमीवरचे नट, हेर लामर्ट्स. हेर म्हणजे जर्मनमध्ये श्रीयुत. गोरे, गोल, आणि घशात थोडी सर्दी. त्यांना बुटाच्या पॉलिशने मानेपासून टाचेपर्यंत रंगवलं. पण आयफेलमध्ये पाऊस बारमाही. रंग ओघळायला लागला की मेकअपवाला छत्री घेऊन धावायचा. मागे टोपल्या घेऊन उभ्या असलेल्यांना छत्री दिली नाही. त्यांचा रंग पक्का होता.

हे क्वाबेनाने मला हसत हसत सांगितलं. मी चिडलो. "हा काय अन्याय! तुमचं काम तुम्हालाच नाही?"

तो म्हणाला, "तुमच्या सिनेमात काय करतात?"

मी छाती पुढे काढून म्हणालो, "आमच्याकडे तर देवसुद्धा काळा आहे! कृष्ण या शब्दाचा अर्थच काळा."

"आणि त्याचं काम कोण करतं?"

मी जरा खाकरलो. "गोरासा एखादा मुलगा घेतात."

"त्याला काळा रंगवतात?"

"निळा," मी म्हणालो. त्यानंतर आम्ही बराच वेळ हवामानाबद्दल बोललो.

त्या सिनेमात क्वाबेनाला एक वाक्य होतं. नायक नदीच्या कोरड्या पात्रात तंबू ठोकून झोपतो आणि टोपलीवाला त्याला सांगतो, नदी येते आहे. कागदावर वाक्य लिहिलं होतं मोडक्या जर्मनमध्ये: "मालक, नदी येणे." क्वाबेना म्हणाला, असं मी बोलणार नाही. मी जर्मनच्या परीक्षेत पहिला आलो आहे, व्याकरण चुकलं तर कुमासीच्या आमच्या बाई मला शोधत इथपर्यंत येतील. डायरेक्टर म्हणाला, टोपलीवाल्याला व्याकरण कसं येईल? क्वाबेना म्हणाला, नदीला घाई असेल तर येईल. उजेड कमी होत चालला होता, पाऊस वाढत होता, सरदाराचा डावा गाल वाहून गेला होता. डायरेक्टर म्हणाला, बोल तुला काय बोलायचं ते.

सिनेमा आखनला लागला तेव्हा आम्ही सगळे गेलो. क्वाबेनाने टोपली खाली ठेवली, गुडघ्यावर बसला आणि त्या आवाजात म्हणाला, "नदी येते आहे." पुढच्या रांगेतल्या एका बाईने पाय वर घेतले. मी शपथेवर सांगतो, पाय वर घेतले! सबंध सिनेमात खरं वाटावं असं तेवढंच होतं.

पण त्या काळी नावं सुरुवातीलाच यायची, आणि ती आम्ही डोळे फाडून वाचली होती. नायकाचं आलं, नायिकेचं आलं, हेर लामर्ट्सचं मोठ्या टायपात आलं. नायकाच्या कुत्र्याचं आलं. क्वाबेनाचं आलं नाही. कुत्रा सिनेमात दोनदा भुंकतो, तेही चुकीच्या माणसावर.

क्वाबेना तेव्हाही हसला होता. पण महिन्याभराने तो माझ्या खोलीत येऊन बसला, वाकून, जिना नसतानाही. त्याची आई कुमासीच्या बाजारात कापड विकायची. पोरगा सिनेमात आहे, हे तिने सगळ्या बाजाराला सांगून टाकलं होतं. त्याने सिनेमाचं छापील माहितीपत्रक पाठवलं. शेजारच्या दुकानातल्या शिकलेल्या बाईने ते वरपासून खालपर्यंत वाचलं आणि जाहीर केलं, याच्यात तुझा पोरगा नाही. कुत्रा आहे. तेव्हापासून बाजारात आईला म्हणायला लागले, तुझा मुलगा थापाड्या झाला बघ जर्मनीला जाऊन.

"मी खोटं बोललो असतो तर चाललं असतं," क्वाबेना म्हणाला. "पण खरं बोलून थापाड्या ठरायचं, हे फार वाईट."

हे दुःख मला एकदम कळलं. का कळलं ते विचारू नका.

योगायोग असा, की शेजारच्या एका गावात (गावाचं नाव सांगत नाही, तिथे अजून माझं येणंजाणं आहे) दर वर्षी चित्रपट सप्ताह भरायचा आणि 'सोनेरी कंदील' नावाचं बक्षीस द्यायचे. दुय्यम भूमिकेसाठीही एक कंदील होता. मोहन म्हणाला, "मंगेशरावांचं नाव पाठवू." मी आणि मोहन बसने गेलो. कचेरीत एक गृहस्थ होते, टाय इतका घट्ट की शब्द एकेक करून बाहेर येत.

"आल्झो, असं आहे," ते म्हणाले, "यांचं नाव सिनेमाच्या नामावलीत नाही. नामावलीत नाही म्हणजे त्यांनी सिनेमात काम केलेलं नाही."

"पण पडद्यावर दिसतात की!" मोहन म्हणाला.

"दिसतात, हो. पण नाहीत."

आदि शंकराचार्यांना जे सांगायला एवढे ग्रंथ लिहावे लागले ते या माणसाने चार शब्दांत सांगितलं. मी म्हणालो, "मग तो 'नदी येते आहे' कोण म्हणतो?"

"ते आम्हाला कळायचा मार्ग नाही."

"कुत्र्याचं नाव आहे नामावलीत," मोहन कडवटपणे म्हणाला.

गृहस्थांनी खण उघडला. "कुत्र्यासाठी अर्ज करायचा असेल तर मुदत शुक्रवारपर्यंत आहे."

त्या वर्षीचा सोनेरी कंदील हेर लामर्ट्सना मिळाला. आफ्रिकेच्या आत्म्याचं सखोल दर्शन घडवल्याबद्दल.

घरी फ्राऊ क्रिंग्सना हे कळलं तेव्हा त्यांनी सल्ला दिला: क्वाबेनाने कुठल्या तरी क्लबात जावं, जर्मनीत क्लबाशिवाय माणसाला कोणी विचारत नाही. त्यांचा स्वतःचा स्किटल्स, म्हणजे चेंडूने खुंट्या पाडायचा खेळ, खेळणाऱ्या विधवांचा क्लब होता. नियमाप्रमाणे क्वाबेना विधवा नव्हता, पण बाई क्लबाची घटना दुरुस्त करायला तयार होत्या. श्रीरंगने कार्ल्सरूहेहून फोनवर सल्ला दिला की कंपनीवर खटला भरा. हा श्रीरंग त्याच सुमारास घरी कळवत होता की मुलगी गोरी असेल तरच फोटो पाठवा. आणि मोहनने सल्ला दिला नाही, तो उठून उभा राहिला. मोहन उठून उभा राहिला की ठराव असतो.

"आपण सत्कार करू," तो म्हणाला. "शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. प्रमुख पाहुणे. बातमीदार. सगळं रीतसर."

मराठी माणसाला जगातल्या कुठल्याही अन्यायावर हे एकच औषध ठाऊक आहे. पेन्शन अडली, सत्कार. घर पडलं, सत्कार. मी जोरात अनुमोदन दिलं.

"सत्कार त्याचा आहे ना? मग त्याला विचारा तरी," मालिनी म्हणाली.

आम्ही तिच्याकडे बघतच राहिलो. सत्कारमूर्तीला विचारायचं? अशी पद्धत आहे का आपल्यात? पण ती तडक गेली आणि विचारून आली. क्वाबेनाने आधी तिला एक गोष्ट ऐकवली होती. वीसेक वर्षांपूर्वी अमेरिकेत एका काळ्या नटीला सिनेमाचं फार मोठं बक्षीस मिळालं, मोलकरणीच्या कामाबद्दल. पण समारंभात तिला बाकीच्या कलाकारांबरोबर बसू दिलं नाही. भिंतीलगत वेगळं टेबल लावलं होतं.

मोहन गंभीर झाला. "आपण टेबलंच नको ठेवूया," तो म्हणाला. "सतरंजी घालू."

"त्याला बक्षीस नकोय, शाल नकोय," मालिनी म्हणाली. "त्याचं म्हणणं एवढंच, स्टेजवरून माझं नाव घ्या. पूर्ण. कोणी न हसता. आणि पेपरात फोटोखाली ते छापून येऊ दे. आईला बाजारात दाखवायला."

"एवढंच?" मोहन म्हणाला.

"एवढंच. आणि शाल मी माझी देणार आहे, आईने दिलेली. नाव चुकलं तर परत घेईन."

मग तिने आम्हाला बसवून नाव शिकवलं. क्वा-बे-ना. ओ-वु-सू. आं-पोन्-सा. मोहन दर वेळी तिसऱ्या टप्प्यावर आंबेवाडी नाहीतर आंबोळीकडे वळायचा.

कामांची वाटणी झाली. भाषण मोहनकडे. प्रमुख पाहुणा शोधायचं काम श्रीरंगकडे. आणि मी? ज्याच्या भिंतीपलीकडे सत्कारमूर्ती राहतो, ज्याने हे सगळं प्रकरण मंडळापुढे आणलं, त्याच्याकडे तबक. तबक धरायचं आणि नारळ आणायचा. मनाला लागलेलं बोलून दाखवायची आमच्या घराण्यात पद्धत नाही. आम्ही ते चाळीस वर्षं सांगतो.

आता नारळ. आखनमध्ये तेव्हा नारळ म्हणजे बिस्किटांवर भुरभुरलेला कीस. पण सायकलवर टांग टाकली की हॉलंड, आणि सीमेपलीकडच्या गावात जावा बेटावरून परतलेल्या एका डच म्हाताऱ्याचं दुकान होतं. त्याच्याकडे नारळ मिळाला. शेंडी नव्हती, पण नारळ होता. मी त्याला मफलरमध्ये गुंडाळून सायकलच्या पुढच्या बास्केटमध्ये ठेवला आणि सीमेवर आलो.

तुम्हाला ठाऊक नसेल, दुसऱ्या महायुद्धानंतर त्या सीमेवरून चोरटी कॉफी इतकी यायची, की म्हणे म्हाताऱ्या बायका झग्याच्या घोळात किलोकिलो घेऊन प्रार्थनेला निघाल्यासारख्या यायच्या. ते दिवस सरले होते, पण जकातीवरचा एक अधिकारी त्या दिवसांतच राहिला होता. त्याने नारळ कानाशी हलवला.

"आत काय आहे?"

"पाणी."

"पाणी कोणी घातलं?"

मी वर बोट केलं. त्याने वर पाहिलं. मग म्हणाला, "कशासाठी? खायला?"

खायला म्हटलं तर जकात, शोभेला म्हटलं तर वेगळी खिडकी, धार्मिक म्हटलं तर पाद्रीबुवांची सही. मी खरं ते सांगितलं, "सन्मान करायला." त्याने पुस्तक चाळलं. त्यात सन्मान नव्हता. मग त्याने अतिशय नम्रपणे आतून करवत आणली आणि नारळाचे दोन सारखे भाग केले. पाणी त्याच्या गणवेशावर उडालं. आत कॉफी नव्हती. त्याने दोन्ही भाग मला परत दिले, सलाम ठोकला आणि शुभेच्छा दिल्या. सत्काराला जाणारा नारळ आधीच फुटलेला! मी ते दोन भाग घेऊन घरी आलो. फ्राऊ क्रिंग्स म्हणाल्या, किती सुंदर वाट्या आहेत, आणि पक्ष्यांसाठी खिडकीत टांगल्या.

तिकडे श्रीरंगने पाहुण्यांसाठी पत्रांवर पत्रं धाडली. प्राध्यापकांना वेळ नव्हता, महापौरांना सर्दी होती. होकार फक्त एका माणसाचा आला. श्रीरंगने फोनवर मोठ्या अभिमानाने सांगितलं, "सिनेमातला माणूस आहे! सोनेरी कंदीलवाला!"

"कोण?"

"कोणी हेर लामर्ट्स म्हणून आहेत."

मोहनने फोन ठेवला आणि भिंतीकडे पाहत बसला. दिलेलं निमंत्रण परत कसं घ्यायचं? शिवाय माणूस भला होता. त्याने कळवलं होतं की आफ्रिकेवर माझं फार प्रेम आहे आणि येताना सिनेमातली आठवण म्हणून एक भेटवस्तू आणतो. ती भेटवस्तू होती एक नारळ. लाकडी, काथ्या लावलेला. मोहन म्हणाला, "देव पावला! हाच तबकात ठेव." मी ठेवला. तबक माझ्याकडे होतं, डोकं अध्यक्षांकडे.

चर्चचा एक छोटा हॉल मिळाला. शनिवारची दुपार. मोहनच्या आग्रहाखातर पुढे सतरंजी म्हणून फ्राऊ क्रिंग्सचे तीन गालिचे अंथरले होते. त्यावर बसले फक्त प्रमुख पाहुणे, आणि बसल्यावर त्यांना उठता येईना. मागे खुर्च्यांवर घाना, नायजेरिया, कॅमेरूनची पोरं, कोट-टाय घालून. एका बाजूला स्किटल्सच्या विधवा, टोप्यांसकट. कोपऱ्यात गावच्या पेपरचा बातमीदार, गळ्यात कॅमेरा. क्वाबेना तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. नवा शर्ट घातला होता. हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता. बोर्डाच्या निकालाला बसतात तसा.

मोहन उभा राहिला. मोहनचं जर्मन उत्तम होतं, पण भाषण त्याने मराठीत रचून शब्दाला शब्द जर्मनमध्ये उतरवलं होतं. आणि मराठी भाषणात सत्कारमूर्तीबद्दल पहिलं वाक्य काय असतं? सांग विनय. बरोबर! मोहन दोन्ही हात पसरून म्हणाला:

"आजच्या सत्कारमूर्तींची ओळख करून देण्याची गरजच नाही!"

आणि करून दिली नाही.

मी तबक धरून शेजारी उभा होतो. मी हळूच म्हणालो, "नाव." मोहनने मला डोळ्यांनी गप्प केलं. त्याला रंग चढला होता. "ज्यांचं नाव आज प्रत्येकाच्या ओठांवर आहे... ज्यांनी या सिनेमात आफ्रिका आपल्यासमोर जिवंत उभी केली... ते आपले आफ्रिकन कलावंत... मी त्यांना विनंती करतो, त्यांनी मंचावर यावं!"

हेर लामर्ट्स उठले.

दोष त्यांचा नव्हता. त्या सबंध वर्षात या शब्दांनंतर तेच उठत आले होते. दोघा जणांनी त्यांना गालिच्यावरून उभं केलं, ते लगबगीने मंचावर आले, वाकले. श्रीरंगने (त्याला काहीच माहीत नव्हतं, तो सकाळच्या गाडीने आलेला अर्धा सभासद) मालिनीची शाल त्यांच्या खांद्यावर घातली. विधवांनी टाळ्या वाजवल्या. बातमीदाराने फोटो काढला. आणि मी, विनय, मी तबक पुढे केलं. हात आपोआप पुढे गेले. तबक धरणाऱ्या माणसाला स्वतःचं मत नसतं.

मागच्या रांगांत पोरं आधी एकमेकांकडे बघायला लागली. मग कोणीतरी हसलं. मग सगळी पोरं हसायला लागली, पोट धरून, खुर्च्यांवर हात आपटून. फक्त क्वाबेना हसला नाही. आतापर्यंत प्रत्येक वेळी तोच आधी हसला होता. तो उठला आणि दाराकडे निघाला. या दारातून बाहेर पडायला वाकावं लागत नव्हतं, तरी तो वाकला.

तेव्हा मागून आवाज आला: "क्वाबेना ओवुसू-आंपोन्सा!"

मालिनीचा. ही दिसते त्याच्या निम्मी होती तेव्हा, पण आवाज हाच. "क्वाबेना ओवुसू-आंपोन्सा! नदी येते आहे असं जे म्हणाले ते! त्यांनी मंचावर यावं, आणि ज्यांच्या अंगावर माझी शाल आहे त्यांनी ती काढावी!"

एकही माणूस हसला नाही. हेर लामर्ट्स तांबडेलाल झाले. त्यांचा खरा रंग मी पहिल्यांदाच पाहत होतो. पण माणूस भला, हे मी आधी म्हणालोच. त्यांनी शाल काढली, क्वाबेना वर आला तेव्हा स्वतः खुर्चीवर चढले आणि त्याच्या खांद्यांवर घातली. म्हणाले, "ते वाक्य तुमचं होतं? ते ऐकून मी स्वतः काठावर पळालो होतो. स्क्रिप्टमध्ये पळायचं नव्हतं."

मग क्वाबेनाने तबकाकडे पाहिलं. नारळ उचलला. बोटाने काथ्या जरा बाजूला केला. खाली लाकडावर सुताराची खूण होती.

ज्या गोष्टीची टोपली त्याने खाणीत भर पावसात डोक्यावरून वाहिली, तीच आम्ही त्याला मानाने तबकात घालून देत होतो. आमच्याकडे हे मंगल असतं, शुभ असतं, हे आता कुठल्या तोंडाने सांगायचं?

क्वाबेनाने नारळ तळहातावर तोलला. मग त्या आवाजात म्हणाला, "हा नारळ माझ्या ओळखीचा आहे. मी याला पुष्कळ दिवस उचललं." आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "माझ्यासाठी कोणी उचलून आणलेला हा पहिलाच."

काय टाळ्या पडल्या म्हणता! कॅमेरूनची पोरं खुर्च्यांवर उभी राहिली. फ्राऊ क्रिंग्स रडल्या. मोहन रडला आणि रडता रडता दोनदा "मंगेशराव" म्हणाला. बातमीदाराने आधीचा फोटो बाद केला आणि क्वाबेनाला मधोमध उभं करून नवा काढला: खांद्यावर शाल, हातात नारळ, मान सरळ. एकटा. असा फोटो मी आयुष्यात पुन्हा पाहिला नाही.

मग बातमीदार वही काढून कोणाकडे आला? अध्यक्षांकडे नाही. माझ्याकडे! तबकवाल्याकडे! मला म्हणाला, "नाव?" सबंध दिवसात मला पहिल्यांदा कोणीतरी काही विचारत होतं. मी त्याला एकेक अक्षर सांगितलं. सावकाश. त्याने लिहिलेलं परत वाचून घेतलं. मंगळवारच्या अंकात, विनय, मंगळवारच्या, क्वाबेनाच्या वारी! पहिल्या पानावर फोटो आणि खाली ठळक अक्षरात नाव, पूर्ण, एका अक्षराची चूक नाही. ते कात्रण विमानाने कुमासीला गेलं. त्या दिवशी बाजार बंद राहिला. त्या शिकलेल्या बाईने ते मोठ्याने वाचलं, तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, तिने आईची माफी मागितली, आणि आई ते कात्रण सोन्याच्या चौकटीत घालून छत्रीखाली, ढोल वाजवत, सबंध गावातून...

"अहो," मालिनी म्हणाली. "पुरे. काय खोटं बोलता! क्वाबेना आणि मी त्या मंगळवारी पेपरच्या दारात संपादकांशी भांडत उभे होतो. त्याच्या फोटोखाली नाव तुमचं आलं होतं. वडिलांच्या नावासकट."